आपल्या मापाची सायकल

चांगली सायकल कोणती, असा प्रश्न मी वर्गात विचारला की मुले भराभर हात वर करतात. "सर, गियरवाली!" "सर, जाड टायरची!" "सर, स्प्रिंगवाली!" एखादा हमखास म्हणतो, "सर, जी सर्वांत महाग असते ती!" मग सगळा वर्ग हसतो. मी ही सगळी उत्तरे फळ्यावर लिहून घेतो आणि त्यांच्याखाली एकच शब्द लिहितो: 'कोणासाठी?'

तुम्हीही थोडा विचार करा. ईदसाठी बूट घ्यायला तुम्ही दुकानात जाता, तेव्हा दुकानदार आधी काय विचारतो? तो तुमच्या पायाचा नंबर विचारतो. बूट कितीही सुंदर असला, तरी तो पायाला लागत असेल तर आपण परत करतो. सायकल घेताना मात्र आपण रंग पाहतो, स्टिकर पाहतो, शेजाऱ्याकडे कोणती आहे ते पाहतो. आपले माप पाहत नाही.

शाळा घरापासून दोन किलोमीटरवर असेल, तर ही चूक खपून जाते. दहा मिनिटांत आपण शाळेत पोहोचतो. पण सायकलवरून दिवसभराचा प्रवास करायचा असेल, आणि तोही दहावीस जणांबरोबर, तर काय होईल? हाच अनुभव मी तुम्हांला सांगणार आहे.

मी छत्रपती संभाजीनगरातील एका उर्दू शाळेत विज्ञान आणि गणित शिकवतो. या शहराचे नाव २०२३ पर्यंत औरंगाबाद होते. येथून वेरूळची लेणी सुमारे ३० किलोमीटरवर आहेत. निम्म्या वाटेवर दौलताबादचा किल्ला लागतो. किल्ल्याच्या पुढे घाट चढला की खुलताबाद येते. मलिक अंबरची कबर तेथेच आहे. खुलताबादहून वेरूळ अगदी जवळ. म्हणजे जाऊन येऊन ६० किलोमीटरांचा प्रवास झाला. डिसेंबर महिन्यातल्या एका रविवारी हा प्रवास सायकलने करायचा, असे आम्ही ठरवले. पालकांच्या परवानगीच्या चिठ्ठ्या आल्या. नववी-दहावीची सोळा मुले-मुली तयार झाली. त्यांत सहा मुली होत्या. त्यांच्यासोबत आमच्या शाळेच्या एक मॅडमही येणार होत्या.

सहलीच्या तीन आठवडे आधी मी सर्वांना आपापली सायकल घेऊन मैदानावर बोलावले. मैदानात जणू सायकलींची जत्राच भरली! कोणाची सायकल नवी कोरी, कोणाची मोठ्या भावाकडून आलेली. मुलींच्या सायकली बिनदांडीच्या होत्या आणि त्यांना पुढे टोपली होती. या जत्रेत दोन मुलांकडे माझे विशेष लक्ष गेले.

पहिला मुलगा दहावीतला, वर्गात सर्वांत उंच. त्याची सायकल झगमगीत होती. तिला गियर होते, पुढे स्प्रिंग होत्या, टायर जाड होते. पण ही सायकल त्याला सातवीत असताना घेऊन दिली होती. तीन वर्षांत मुलगा वाढला, सायकल तेवढीच राहिली. पायडल मारताना त्याचे गुडघे जवळजवळ हँडलला लागत होते.

दुसरा मुलगा नववीतला, चणीने लहान. त्याने वडिलांची सायकल आणली होती. ती काळी, उंच, दांडीची आणि मागे मजबूत कॅरिअर असलेली होती. तिच्या सीटवर बसले की त्याचे पाय पायडलपर्यंत नीट पोहोचत नव्हते. म्हणून तो कमरेतून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकत ती चालवत होता. लहानपणी तर तो दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत असे.

त्याला पाहून दोन-तीन मुले कुजबुजू लागली. "सर, हा मागे पडेल. त्याच्यामुळे सगळ्यांना थांबावे लागेल." त्या मुलाने ते ऐकले. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, मी नाही आलो तर चालेल का?" मी म्हणालो, "आधी माप तर घेऊ. मग ठरवू."

आम्ही शिंपी वापरतो ती मोजपट्टी आणली. आता आम्ही काय काय मोजले ते नीट वाचा. तुम्हांला हे घरीच करता येईल.

पहिले माप पायांचे. भिंतीला टेकून सरळ ताठ उभे राहा. एक जाडसर पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये अगदी वरपर्यंत धरा. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत किती सेंटिमीटर होतात ते मोजायला मित्राला सांगा. हा आकडा वहीत लिहून ठेवा. दांडीची सायकल घ्यायची असेल, तर तिची दांडी या आकड्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर तरी खाली हवी. अचानक ब्रेक लावून खाली उतरावे लागले, तर दोन्ही पाय जमिनीवर टेकले पाहिजेत. त्या काळ्या सायकलीची दांडी जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर होती. नववीतल्या मुलाच्या पायांचे माप भरले ७० सेंटिमीटर. दहावीतल्या मुलाचे भरले ८४.

दुसरे माप सीटच्या उंचीचे. सायकल भिंतीला लावून सीटवर बसा. पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. आता पाय सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी पायाचा पुढचा भाग पायडलवर ठेवा. गुडघा किंचित वाकलेला दिसेल. ही तुमची योग्य उंची. सीट यापेक्षा खाली असेल, तर प्रत्येक फेरीला गुडघ्यावर जास्त भार येतो. वर असेल, तर कंबर डोलत राहते. सीटची नळी वर काढताना एक काळजी घ्या. नळीवर एक रेघ कोरलेली असते. ती रेघ बाहेर दिसेल इतकी नळी वर काढू नका. नळी वाकण्याची भीती असते.

तिसरे माप हातांचे. हँडल धरल्यावर कोपर थोडे वाकलेले हवे. हात काठीसारखे ताठ झाले, तर रस्त्यावरचा प्रत्येक हादरा थेट खांद्यापर्यंत पोहोचतो. लांबच्या प्रवासात हँडल सीटच्या बरोबरीने किंवा थोडे वर असले, तर नवशिक्यांना बरे पडते.

चौथी गोष्ट म्हणजे सीट स्वतः. येथे बरेच जण फसतात. अंगठ्याने दाबले की खोल जाणारी मऊ सीट दुकानात फार आवडते. पण तासाभराने आपली बसायची हाडे त्या मऊपणात रुततात, भोवतालचा भाग दाबला जातो आणि पाय बधिर होऊ लागतात. म्हणून सीट थोडी घट्टच असावी. ती जमिनीला समांतर हवी. तिचे टोक खाली झुकले, तर आपण सारखे पुढे घसरतो आणि सगळा भार तळहातांवर येतो.

मुलींसाठी मॅडमनी आणखी एक गोष्ट तपासली. ज्या सायकलींच्या चेनवर पूर्ण झाकण नव्हते, त्यांवर ते बसवून घेतले. ओढणी किंवा सलवारीची किनार चेनमध्ये अडकली, तर क्षणात अपघात होतो. सर्व मुलींनी ओढणी मागे नीट बांधायची, असेही ठरले.

मापे झाली. पण मित्रांनो, माप कागदावर असते. खरी परीक्षा रस्त्यावर होते. पुढच्या रविवारी आम्ही सर्वजण पहाटे छावणीच्या बाजूला दहा किलोमीटर फिरून आलो. परत आल्यावर मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: "कुठे दुखते?"

'तक्रार' हा शब्द तुम्ही उर्दूतही वापरता आणि मराठीतही वापरता. शरीर जी तक्रार करते, ती ऐकायला शिका. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल, तर बहुधा सीट खाली आहे. गुडघ्याच्या मागे ओढ बसत असेल, तर ती वर आहे. तळहाताला मुंग्या येत असतील, तर हँडल फार खाली आहे किंवा सीटचे टोक झुकले आहे. मान आणि खांदे दुखत असतील, तर हँडल फार लांब आहे. यांतल्या बहुतेक तक्रारी एका पान्याने दूर होतात. त्यासाठी नवी सायकल घ्यावी लागत नाही. आमच्या शाळेजवळ सायकली दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. त्यांनी त्या दिवशी अकरा सायकलींच्या सीट आणि हँडल वर-खाली करून दिले.

पण त्या दोन मुलांचा प्रश्न पान्याने सुटण्यासारखा नव्हता. उंच मुलाची सीट रेघेपर्यंत वर घेतली, तरी गुडघे दुखतच होते. लहान मुलाची सीट पूर्ण खाली घेतली, तरी पाय पोहोचत नव्हते. चाचांनी दोघांना शेजारी उभे केले. एकदा या सायकलीकडे पाहिले, एकदा त्या सायकलीकडे पाहिले. मग हसून म्हणाले, "सर, सायकली दोन्ही चांगल्या आहेत. फक्त मालक उलटे आहेत!"

उपाय समोरच होता. दोघांनी एका दिवसापुरती अदलाबदल करायची. सांगायला सोपे, करायला अवघड. उंच मुलगा म्हणाला, "सर, मी ती काळी सायकल चालवू? सगळे हसतील." त्याला आपल्या गियरच्या सायकलीचा अभिमान होता. लहान मुलगा तर घाबरलाच. तो म्हणाला, "सर, अब्बू देणार नाहीत. ती त्यांची कामाची सायकल आहे."

त्याचे म्हणणे खरे होते. त्याचे वडील चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जात. रविवारी त्यांना सुटी असे. सोमवारी सकाळी सात वाजता त्यांची पाळी सुरू होई. रविवारी सायकल मोडली असती, तर सोमवारचा रोज बुडाला असता. मुलगा स्वतः सायकल नेणार म्हणून त्यांनी होकार दिला होता. दुसऱ्याच्या मुलाच्या हाती ती द्यायची, ही वेगळी गोष्ट होती.

मी त्या दोन्ही मुलांना घेऊन संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. सलाम झाला, चहा आला. मी मापांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि सारे समजावून सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी उंच मुलाला विचारले, "बेटा, पंक्चर झाले तर काढता येते का?" मुलगा म्हणाला, "नाही येत." ते म्हणाले, "मग आधी ते शिक. ज्याला पंक्चर काढता येते, त्याला मी सायकल देतो."

पुढचे चार दिवस तो मुलगा शाळा सुटल्यावर चाचांच्या दुकानात बसला. टायर उघडणे, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधणे, ती जागा घासणे, सोल्यूशन लावणे, तुकडा चिकटवणे. पाचव्या दिवशी त्याने त्या काळ्या सायकलीचे चाक खोलले आणि मुलाच्या वडिलांसमोर पुन्हा बसवून दाखवले. त्यांनी सायकलची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

आता त्याच्या मापाने सीट वर घ्यायची होती. तेव्हा लहान मुलाने एक गोष्ट केली. सीटची नळी जेथे आत जाते, तेथे त्याने काळ्या चिकटपट्टीचा एक वेढा दिला. मी विचारले, "हे कशासाठी?" तो म्हणाला, "सर, ही अब्बूंची खूण. परत देताना सीट बरोबर याच उंचीवर आणायची." दुसऱ्याची वस्तू वापरताना मालकाच्या सोयीचा विचार कसा करावा, हे मला त्या मुलाकडून शिकायला मिळाले.

आता थोडे टायरबद्दल सांगतो, कारण सायकलीच्या आरामाची निम्मी गोष्ट टायरमध्ये आहे. १८६० च्या दशकातल्या सायकलींची चाके लाकडी असत आणि त्यांवर लोखंडी धाव बसवलेली असे. दगडी रस्त्यावर त्या इतक्या हादरत की इंग्लंडमधल्या लोकांनी त्यांना 'बोनशेकर', म्हणजे हाडे खिळखिळी करणारी, असे नाव दिले होते. बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचे एक जनावरांचे डॉक्टर राहत. त्यांच्या लहान मुलाची तीन चाकी सायकल खडबडीत रस्त्यावर फार दणके देई. मुलाला त्रास होऊ नये म्हणून त्यांनी रबराच्या नळीत हवा भरून ती चाकाभोवती बसवली. १८८८ मध्ये त्यांनी या टायरचे पेटंट घेतले. पाहा, एका बापाने मुलाच्या आरामासाठी केलेली ही खटपट आज जगभर रस्त्यांवर धावते आहे.

म्हणूनच टायरमधल्या हवेकडे दुर्लक्ष करू नका. हवा कमी असेल, तर टायर रस्त्याला चिकटल्यासारखा चालतो आणि पाय लवकर थकतात. खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपून पंक्चरही होते. टायरच्या बाजूवर हवेचा दाब किती असावा ते लिहिलेले असते. तेवढाच ठेवा. जाड, खडबडीत टायर मातीत आणि चिखलात उपयोगी पडतात. डांबरी रस्त्यावर ते वेग खातात. स्वस्त सायकलींच्या स्प्रिंगांचेही तसेच आहे. त्यांचे वजन वाढते आणि पायडलवर दिलेला काही जोर स्प्रिंग दाबण्यात वाया जातो. दिसते तसे नसते, ही म्हण येथे आठवते.

मग गियर कशासाठी? याचे उत्तर गणितात आहे. समजा, पायडलजवळच्या दातेरी चाकाला ४४ दाते आहेत आणि मागच्या दातेरी चाकाला १८. पायडलची एक फेरी पूर्ण झाली की मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे सुमारे २.४४ वेळा फिरते. चाकाचा परीघ २.२ मीटर असेल, तर एका फेरीत आपण जवळजवळ ५.४ मीटर पुढे जातो. सपाट रस्त्यावर हे ठीक आहे. घाटात मात्र एवढे अंतर एका फेरीत ओढताना दम लागतो. गियरच्या सायकलीवर पुढे २८ आणि मागेही २८ दाते घेता येत असतील, तर पायडलच्या एका फेरीला चाक एकदाच फिरते. अंतर कमी कापले जाते, पण जोरही कमी लागतो. गियर म्हणजे वेगाचे यंत्र, असे पुष्कळांना वाटते. चढावर त्याचा उपयोग हळू पण न थांबता जाण्यासाठी होतो.

आमचा दिवस उजाडला. फजरची नमाज झाली आणि आम्ही मैदानावर जमलो. थंडी कडक होती. निघण्यापूर्वी गटाचे नियम पुन्हा सांगितले. रस्त्याच्या डाव्या बाजूने एकामागे एक चालायचे. दोन सायकलींत दोन सायकलींइतके अंतर ठेवायचे. पुढे खड्डा दिसला तर पुढच्याने हात दाखवून ओरडायचे. कोणीही शर्यत लावायची नाही. मी सर्वांत पुढे, माझ्यामागे ज्यांचा वेग कमी ती मुले, आणि सर्वांत शेवटी मॅडम. दर दहा किलोमीटरला थांबून पाणी प्यायचे. हवेचा पंप, पाने आणि पंक्चरचे सामान एका पिशवीत होते. कोणाच्या चाकाचे माप किती, याची यादी मी आधीच केली होती. ज्यांची मापे सारखी, त्यांच्यात मिळून एक जादा ट्यूब घेतली होती. एकत्र प्रवासाचा हाही एक फायदा असतो, बरे का!

तुम्ही 'हमसफर' म्हणता, त्याला मराठीत 'सहप्रवासी' म्हणतात. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच: बरोबर प्रवास करणारा. बरोबर जायचे म्हटले की सर्वांचा वेग एक होतो, आणि तो वेग ज्याला त्रास होतो आहे त्याच्या पायांवर ठरतो. एकाचा गुडघा दुखला की सोळा जण थांबतात. म्हणून गटात जाताना दुसऱ्याची सायकल त्याला नीट बसते की नाही, हे पाहणे आपलेही काम असते.

मिटमिटा मागे पडले. सूर्य वर आला. दौलताबादचा किल्ला दिसताच मुलांनी आनंदाने घंट्या वाजवल्या. तेथे आम्ही नाश्ता केला. मी सर्वांना विचारले, "कुठे दुखते?" उंच मुलगा म्हणाला, "सर, गुडघे गप्प आहेत!" तो त्या काळ्या सायकलीवर ऐटीत ताठ बसून आला होता. तिची मोठी चाके लहानसहान खड्डे सहज ओलांडत होती. त्याला कोणीही हसले नाही. उलट दोन मुले त्या सायकलीवर बसून पाहायला मागत होती.

मग घाट सुरू झाला. आता चित्र बदलले. लहान मुलाने गियर बदलला आणि मुंगीसारखा हळूहळू चढू लागला. काळी सायकल जड होती, तिला गियर नव्हते. उंच मुलाने थोडा चढ पार केला आणि तो खाली उतरून ती ढकलू लागला. बिनगियरच्या सायकलीवरच्या इतर मुला-मुलींनीही तेच केले. मी आधीच सांगितले होते की घाटात उतरून चालण्यात काहीही कमीपणा नाही. लहान मुलगा वर पोहोचला. त्याने सायकल कडेला नीट लावली, मॅडमना विचारून पायी खाली आला आणि काळ्या सायकलीच्या कॅरिअरला मागून हात लावला. दोघे ती ढकलत वर आले. दोघांच्याही घामाने भिजलेल्या चेहऱ्यांवर हसू होते.

खुलताबादला थोडा विसावा घेऊन आम्ही वेरूळला पोहोचलो. एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलेले कैलास लेणे पाहून मुले थक्क झाली. वेरूळची लेणी १९८३ पासून जागतिक वारसा मानली जातात. जेवण झाले, फोटो झाले आणि आम्ही परत फिरलो. उतारावर मी सर्वांना आणखी अंतर ठेवायला सांगितले. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, एकदम न दाबता, वापरायचे. काळ्या सायकलीचे ब्रेक सळईचे होते. ते लवकर पकड घेत नाहीत. म्हणून तीव्र उतारावर उंच मुलाने ती हातात धरून चालत आणली. त्याला तसे कोणी सांगितले नव्हते.

शरणापूर फाट्याजवळ मागच्या बाजूने आवाज आला, "सर, पंक्चर!" काळ्या सायकलीचेच मागचे चाक बसले होते. आम्ही सर्व थांबलो. उंच मुलाने पिशवी उघडली. त्याने टायरमधून एक बारीक काटा शोधून काढला, ट्यूबवर तुकडा चिकटवला आणि हवा भरली. पंचवीस मिनिटे गेली. कोणीही कुरकुर केली नाही.

संध्याकाळी त्या दोघांनी सायकल धुतली, चेनला तेल दिले आणि सीट चिकटपट्टीच्या खुणेपर्यंत खाली आणली. पंक्चर झाल्याचे उंच मुलाने स्वतःहून सांगितले. मुलाच्या वडिलांनी चाक फिरवून पाहिले, तुकड्याची जागा विचारली आणि म्हणाले, "चांगले काढले आहेस." सोमवारी सकाळी ते नेहमीप्रमाणे सात वाजता कामावर होते.

मित्रांनो, आमचा प्रवास फक्त ६० किलोमीटरांचा होता. १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगाच्या प्रवासाला निघाले. इराण, इराक असे देश ओलांडत ते पुढे गेले. त्यांच्यापैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटरांचा प्रवास पूर्ण करून १९२८ मध्ये मुंबईला परतले. चार वर्षांहून अधिक काळ सायकलच्या सीटवर! आपले शरीर आणि आपली सायकल यांची किती चांगली ओळख त्यांना झाली असेल, याची कल्पना करा.

तुम्हीही कधी मित्रांबरोबर लांबच्या प्रवासाला निघाल. त्यासाठी अगदी नवी सायकल घेऊन थेट निघू नका. निघण्यापूर्वी काही दिवस ती रोज चालवा, शरीराची तक्रार ऐका, सीट आणि हँडल नीट लावून घ्या. आपली सायकल आपल्याला बसत नसेल, तर लाजू नका. तुमच्या मापाची सायकल कदाचित तुमच्या शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे असेल, आणि त्याच्या मापाची तुमच्याकडे. मात्र दुसऱ्याची सायकल मागण्याआधी पंक्चर काढायला शिका, आणि परत देताना सीट त्याच्या खुणेवर आणा.

त्या सहलीनंतर महिन्याभराने उंच मुलाच्या वडिलांनी त्याला दुसरी सायकल घ्यायचे ठरवले. तो दुकानात जाताना खिशात एक चिठ्ठी घेऊन गेला. तिच्यावर फक्त एक आकडा होता: ८४. दुकानदाराने सर्वांत महागडी सायकल पुढे केली, तेव्हा त्याने मोजपट्टी मागितली.

तुमचा आकडा किती आहे? आज घरी गेल्यावर मोजा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा मोजा, कारण तुम्ही अजून वाढत आहात.